नळाचा आवाज : धाकटा

"तुम्ही त्या आवाजवाल्यांच्या बहीण ना?" कानाच्या मशीनचे सेल कागदी पिशवीत घालता घालता दुकानदाराने विचारलं आणि पिशवी घ्यायला पुढे झालेला मोठीचा हात अर्ध्यावरच थांबला. प्रश्न साधा होता, उत्तर एका अक्षराचं होतं. बहीण तर ती होतीच. जन्मापासून होती, तक्रारीला जागा नव्हती. "हो," ती म्हणाली. "तरीच! चेहरेपट्टी तीच," दुकानदार खूश झाला. "परवा मुलाखत पाहिली हो त्यांची. आईला ऐकू येत नाही, म्हणून मी जगातले आवाज तिच्यासाठी गोळा करत सुटलो, म्हणाले. आमच्या घरात सगळ्यांचे डोळे पाणावले. एका नळासाठी म्हणे गावभरचे नळ ऐकत हिंडले." मग माणुसकी म्हणून त्याने पुढे विचारलं, "आणि तुम्ही काय करता?" "सिनेमाचं संकलन." "अरे वा! भावाने लावून दिलं का?" 'नाही' म्हणायला मोठीने तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते इतकंच : सेल ताजे आहेत ना? "एकदम ताजे. टाचणी पडली तरी ऐकू येईल आईंना." "तेवढंच हवंय," ती म्हणाली.

घरात तिला मोठी म्हणत आणि भावाला धाकटा. दोघांची वयं आता अशी की ही नावं ऐकून परक्याला हसू यावं. धाकट्याच्या कानांवरचे केस पिकले होते, मोठीला जिना चढताना कठडा लागत होता. पण घरातली नावं माणसाबरोबर वाढत नाहीत, कपाटातल्या लहानपणीच्या स्वेटरसारखी तेवढीच राहतात, आणि आपण मुकाट्याने त्यांत हात घालत बसतो. ती दुकानाची पायरी उतरली. रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर खाली ओढलं, सायकलची चेन सुटून फडफडली, दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी गादी झोडपत होतं. तिच्या कानांनी सवयीने प्रत्येकाला जागा नेमून दिली : शटर डावीकडे, गादी वर, चेन जरा लांब. हे काम तिचे कान लहानपणापासून फुकट करत आले होते. आज दुपारी आई धाकट्याचं काम बघायला ध्वनिशाळेत येणार होती, आणि मोठीची फक्त एक इच्छा होती : आईला ते नुसतं दिसू नये, ऐकूही यावं.

आता मुळात धाकट्याला काम कसं आलं, ते सांगायला हवं. कमी पैशांच्या सिनेमात माणसं कमी आणि कामं मात्र मोठ्या सिनेमाइतकीच असतात. जो दिवे लावतो तोच गाडी चालवतो, जी कपडे इस्त्री करते तीच मागून चालत जाणारी बाई होते. हे पडद्यावर लपतं. श्रेयनामावलीत लपत नाही. तिथे एकच नाव पुन्हा पुन्हा आलं की सिनेमाचा फाटका सदरा दिसतो. म्हणून दिग्दर्शकाचा नियम होता : एका माणसाचं नाव दोनदाच. तिसऱ्या कामापुढे दुसरं नाव. दुसरा माणूस नसला तरी दुसरं नाव. या दिग्दर्शकाला सगळे त्याच्या पाठीमागे उद्याराव म्हणत, कारण तोंडावर तो कुणालाच नाही म्हणत नसे, "उद्या बघू" म्हणे. नावांच्या बाबतीत मात्र त्याचं सगळं आजच्या आज असे.

ही नावं भरण्याचं काम मोठीकडे येई, कारण श्रेयनामावली सगळ्यात शेवटी, टायरच्या दुकानावरच्या तिच्या खोलीत बनत असे. तेव्हा बाकीचे सगळे आपापल्या घरी झोप काढत असत. आणि खरं सांगायचं तर तिला त्यात मजा येई. शाळेत तिला बाकावर उभी करणाऱ्या भूगोलाच्या बाईंना तिने एका सिनेमात केशभूषा दिली होती. खोली रिकामी करायला लावणाऱ्या जुन्या घरमालकाला दिवे वाहायला लावलं होतं. जिने हयातभर कुणाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही, त्या मेलेल्या मावशीकडे तिने भोजनव्यवस्था सोपवली. जिवंतपणी ज्यांनी तिला राबवलं त्यांना ती पडद्यावर राबवत होती. उद्याराव सोडून कुणाच्या लक्षात येण्याचा प्रश्न नव्हता. नावं वाचतं कोण? ज्याचं त्याचं नाव ज्याला त्याला दिसतं, तेवढ्यात बाकीचे खुर्चीखाली चपला शोधत असतात.

गेल्या सिनेमात एक म्हातारा, बायको गेलेला, दिवसभर घरात नळ दुरुस्त करणाऱ्याची वाट बघत बसतो. नळवाला येत नाही. एवढीच गोष्ट. म्हणजे सगळा सिनेमा त्या गळक्या नळावर उभा. चित्रण ज्या घरात झालं तिथला नळ गळायचा, पण वाईट गळायचा. त्यात एकटेपणा नव्हता, नुसतं पाणी होतं. मोठीने बादलीत, ताटलीत, ओल्या फडक्यावर थेंब पाडून पाहिले. एका दुपारी वैतागून तिने जीभ टाळूला लावली आणि सोडली. टक्. खोली एकदम मोठी झाली. तिने पुन्हा केलं. मग माइक तोंडाशी घेऊन ती दुपारभर गळत बसली. कधी थकल्यासारखी, कधी रागावल्यासारखी, आणि शेवटी शेवटी, म्हातारा खुर्चीत झोपतो तिथे, आई मुलाच्या पाठीवर थोपटते तशी. सिनेमात जो नळ आहे तो तिची जीभ आहे, हे तिला सोडून एकाच माणसाला माहीत होतं. तो तेव्हा त्याच खोलीत गादीवर आडवा होता. "ताई," धाकटा म्हणाला होता, "पंखा तरी बंद कर. त्याची घरघर येतेय तुझ्या नळात." ते खरं होतं. तिने पंखा बंद केला. सिनेमात धाकट्याचं योगदान म्हणतात ते एवढं.

धाकटा दुपारी तिच्या खोलीवर येई, कारण घरी आई असे आणि आईसमोर त्याला काहीतरी होणार असलेला माणूस दिसावं लागे. अर्धवट सोडलेलं शिक्षण, अर्धवट सोडलेलं दुकान, आणि अर्धवट सोडूही न देणारी बायको, जी शेवटी आपणहून गेली. तो आळशी होता असं नाही. तो नेहमी सुरुवातीच्या तयारीत असे. श्रेयनामावली करताना मोठी 'ध्वनिसंयोजन' या ओळीशी आली तेव्हा तिची दोन नावं खर्ची पडली होती, एक संकलनाला, एक उपशीर्षकांना. "आवाजही तुझ्याच नावावर टाकला तर लोक म्हणतील, एका खोलीत झालाय सिनेमा," उद्याराव म्हणाला. "एका खोलीतच झालाय." "म्हणूनच म्हणतो." मोठीने गादीकडे पाहिलं. धाकटा तोंड उघडं टाकून झोपला होता. तिने त्याचं नाव टाकलं.

हे कुणाला कळतं तर त्याने याला बहिणीची माया म्हटलं असतं. मायेचा यात छदामही नव्हता. तिला त्याचा चेहरा बघायचा होता. सगळ्यांच्या देखत, अंधारात, न केलेल्या कामापुढे आपलं नाव येताना माणसाला कसं होतं, ते जवळच्या खुर्चीवरून बघायचं होतं. भूगोलाच्या बाईंचा चेहरा तिला कधी बघायला मिळाला नव्हता. पहिल्या खेळाला तिने त्याला मुद्दाम आपल्या आणि आईच्या मध्ये बसवलं. नाव आलं. धाकट्याने ते वाचलं, आणि दुकानदाराने केलेली बेरीज बरोबर निघाल्यावर गिऱ्हाईक हलवतं, तशी जराशी मान हलवली. बस्स. मग कोपराने आईला उठवलं. आईला सिनेमातलं काही ऐकू आलं नव्हतं, म्हणून तिने एक झोप काढून घेतली होती. तिने ओठ हलवत नाव वाचलं आणि धाकट्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मोठीचं नाव आधीच वर सरकून गेलं होतं, आईच्या झोपेत.

मग बक्षीस आलं. ते चित्राला नाही, अभिनयाला नाही, आवाजाला आलं. भरदुपारच्या त्या समारंभात परीक्षकांपैकी एक बाई म्हणाल्या की त्या नळात त्यांना एक माणूस ऐकू आला, आणि मोठीची जीभ तोंडात एकदम कोरडी पडली. धाकटा उठला, कोटाचं बटण लावलं, मंचावर चढून गेला. कोट मोठीनेच दिला होता, गर्दीत बरा दिसावा म्हणून. दुसऱ्या दिवशी ती उद्यारावाकडे गेली. "उद्या बघू," तो सवयीने म्हणाला, आणि मग तिचा चेहरा बघून त्याने आजच बघितलं. "हे बघ, पडद्यावर जे आहे ते आहे. आज तू हे नाव खोटं म्हणालीस तर उद्या कुणीतरी विचारेल, केशभूषा करणाऱ्या बाई कुठायत? बोलाव मग तुझ्या भूगोलाला. बक्षीस जाईल, सिनेमा जाईल, आणि तुझं खरं नाव खोट्या नावांच्या मढ्यांत पुरलं जाईल." मग तो पुढे वाकला, मऊ झाला. "आणि गोष्ट किती चांगली आहे बघ ना. घरी बसलेला भाऊ, आईला ऐकू येत नाही, म्हणून हा तिचे कान झाला. तू काय सांगणार? मी आवाजही केला? कामाची गोष्ट कुणी छापत नाही गं."

तिचे कान झाला. हे त्याला कुणी सांगितलं ते विचारायची गरज नव्हती. आईच ते सगळ्यांना सांगत असे : माझे कान म्हणजे धाकटा. मोठीला ते घर आठवलं, लांबट, टोकाला स्वयंपाकघर. आईचं ऐकणं थोडं थोडं जात होतं आणि आई ते कबूल करत नव्हती. दारावर थाप पडली की ती मोठीला आधी ऐकू येई. दूध फसफसलं, वडील खोकले, शेजारणीने हाक मारली, सगळं मोठीला आधी कळे, आणि ती धाकट्याला म्हणे, "जा, सांग आईला," कारण तिच्या पुढ्यात अभ्यास असे आणि त्याच्या पुढ्यात नसे. तो धावत जाई, आईची बाही ओढी, दूध दाखवी. आईला काय दिसत असणार? धावत येणारं पोर. आतल्या खोलीत पुस्तकावर मान घालून बसलेले कान तिला कसे दिसणार? आणि ती जीभ. दुपारी झोपवलं की मोठी पांघरुणात टक् टक् करी, आणि तेव्हा थोडंफार ऐकू येणारी आई, "कुठला नळ राहिला गं," म्हणत उठून मोरीत जाई. नळ बंदच असे. ती परत येऊन टेकली की पुन्हा टक्. एकदा धाकट्याला हसू आवरलं नाही. आईने पांघरूण ओढलं, हसणारं तोंड दिसलं त्याच्या पाठीत धपाटा घातला. दुसरं तोंड झोपलेलं होतं. मार त्याने खाल्ला. त्याने तिचं नावही सांगितलं नाही. हे मोठीला आता, सेलची पिशवी घेऊन चालता चालता आठवलं, नको होतं तेव्हा, आणि तिने चालण्याचा वेग वाढवला.

कारण आता उद्यारावाला नवा सिनेमा मिळाला होता, खरा, आणि निर्मात्याला आवाजासाठी तोच बक्षीसवाला हवा होता. ते सांगायला धाकटा मोठीच्या खोलीवर आला होता. गादीवर पडला नाही, खुर्चीवर बसला, तिच्या खुर्चीवर. "ताई, तू आहेसच ना बरोबर." "आहे की." "नाव देईन मी तुझं. ध्वनिसहाय्य. मी बोललोय त्यांच्याशी, मोठ्या अक्षरांत." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. टोमणा नव्हता तो. त्याचा चेहरा लहान मुलाने खाऊतला अर्धा तुकडा पुढे करावा तसा होता, आणि त्या क्षणी तिने त्याला उघड्यावर पाडायचं ठरवलं. "आईला बोलाव की पहिल्या दिवशी," ती म्हणाली. "बघू दे तिला तुझं काम." त्याचे डोळे भरून आले. किती सोपं होतं ते.

ध्वनिशाळेत थंडगार होतं, भिंतींना राखाडी कापड, पायाखाली आवाज गिळणारा गालिचा. मागच्या सोफ्यावर आई बसली होती. मोठीने स्वतः तिच्या कानात मशीन बसवलं, नवे सेल घातले, बारीक चाक फिरवलं. आईला ते यंत्र आवडत नसे, त्यात भांड्यांचा आवाज जास्त आणि माणसांचा कमी येतो म्हणे. "येतंय का ऐकू?" "ओरडू नकोस. येतंय," आई म्हणाली आणि इकडेतिकडे बघू लागली, स्वतःच्या बांगडीचा आवाज ऐकून तिने हात मांडीवर दाबून धरला. उद्याराव मागे उभा होता, मुलाखतींत सांगून सांगून आता त्याला स्वतःचीच गोष्ट खरी वाटू लागली होती. पुढे, बटणांच्या त्या लांबलचक टेबलाशी धाकटा बसला, कानांवर हेडफोन, अंगावर तोच कोट. मोठी त्याच्या मागे, हात लांबवला तर पोचेल इतक्या अंतरावर, स्टुलावर बसली आणि तिने हात मांडीवर ठेवले. पडद्यावर चित्र सुरू झालं : बसथांब्यावर एकटी बाई, मागे भिंत, मुकं. "हं," उद्याराव म्हणाला, "काय सुचतंय?"

धाकट्याने टेबलाकडे पाहिलं. मग मोठीकडे. मोठी पडद्याकडे बघत होती. चित्र संपलं, पुन्हा सुरू झालं. त्याच्या मानेवर कॉलरच्या वर एक लाल पट्टा चढत गेला, तो मोठीला दिसला, आणि त्याचा श्वास ऐकू आला. तो श्वास खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू येत होता, आज आईलाही. हेच तिने विकत आणलं होतं. तिने कल्पना केली होती की या वेळी छातीत काहीतरी गोड फुटेल. तसं काही फुटलं नाही. तरी तिने हात उचलला नाही. चित्र तिसऱ्यांदा सुरू झालं. उद्याराव खोकला. "घ्या वेळ, घ्या," तो म्हणाला, पण त्याचा आवाज बदलला होता. हा माणूस आपण विकत घेतला खरा, पण डब्यात काही आहे की नाही, असं विचारणारा आवाज. "काय झालं रे?" आई मागून म्हणाली. "का थांबलास?"

तेव्हा बुडणारा माणूस हाताला येईल ते धरतो तसं धाकट्याने जे एकच ओळखीचं होतं ते दाबलं : जुन्या सिनेमातला, स्वतःच्या नावाने ठेवलेला तो आवाज. टक्. बसथांब्यावरच्या बाईवर नळ गळू लागला. टक्. उद्यारावाचं तोंड उघडं राहिलं. मोठीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, कारण याहून मोठा मूर्खपणा तिलाही सुचला नसता. आणि मग सोफा करकरला. आई उठून उभी राहिली होती, एक हात कानामागे धरून, मान तिरकी करून, वर्षानुवर्षं तिने मान अशी तिरकी केली नव्हती. "अगं बाई," आई म्हणाली. "हा नळ नाहीये."

खोलीत फक्त टक् टक् राहिलं. मोठीचे हात मांडीवरून आपोआप सुटले. हे तिने ठरवलेलं नव्हतं. हे मागायचंही तिला सुचलं नव्हतं. त्या एवढ्या महागड्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, आईने तिचा आवाज ओळखला होता. आई चालत पुढे आली, गालिच्यावर पाऊल वाजत नव्हतं, म्हणून ती जवळ येतेय की नाही ते मोठीला कळेना. मग आईचा हात आला. तो मोठीच्या खांद्यावरून पुढे गेला आणि धाकट्याच्या डोक्यावर टेकला. "जिभेने करतोस ना रे हे? लहानपणी दुपारभर असाच करायचा हा, पांघरुणात. मी वेड्यासारखी मोरीत जायचे. किती मारलं मी याला यावरून." आणि आई रडू लागली, मशीन कानात असल्याने स्वतःचं रडणं ऐकून दचकली, आणि आणखी रडू लागली.

"म्हणजे नळ नव्हताच?" उद्यारावाच्या डोळ्यांत पुढची मुलाखत चमकली. "तोंडाने? आणि आता बसथांब्यावर... तिच्या घरचा नळ तिच्या डोक्यात! हा हा! अरे, करून दाखव. करून दाखव ना एकदा!" "दाखव ना रे," आई म्हणाली. धाकट्याने हेडफोन उतरवले. त्याने मोठीकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात सगळं होतं, पांघरूण, धपाटा, पंखा, सगळं. तो काहीतरी बोलणार असं वाटलं. मोठीच्या मनात आलं, आत्ता बोल, मी तुला सगळं सोडून देईन. त्याने गिळलं. "करतो," तो म्हणाला, आणि जीभ टाळूला लावली.

बाहेर आला तो एक ओला, फुसका, लाळेचा आवाज. कुत्र्याला बोलावतात तसा. उद्यारावाच्या कपाळाला आठी पडली. आईने मशीनचं चाक चाचपलं. "हे नव्हे," ती म्हणाली, "नीट कर." मग तिने मोठीकडे वळून, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा चढ्या आवाजात सुनावलं, "आणि तू काय अशी मख्खासारखी बसलीयस? भावाला जरा धीर दे. एवढं केलं त्याने. कौतुक करायला जीभ झडते का तुझी?"

धाकट्याने पुन्हा ओठ उघडले. पुन्हा तसाच आवाज येणार, हे मोठीला त्याच्या जबड्यावरून आधीच ऐकू आलं, आणि वाईट आवाज तिला कधीच सहन झाला नाही. तिच्या सगळ्या कलेचं मूळ म्हणा की खोड म्हणा, ती एवढीच होती. ती स्टुलावर पुढे वाकली, त्याच्या मानेमागे, ओठ जेमतेम विलग ठेवून. त्याचा जबडा हलला. टक्. खोली एकदम मोठी झाली. जबडा पुन्हा हलला. टक्. आईने डोळे मिटून घेतले आणि ऐकत राहिली. "आता आलं," ती म्हणाली, आणि टाळ्या वाजवू लागली.